गाडीचं नाक उतरवल्याची हकीकत

तीर्थस्वरूप मामा यांच्या प्लास्टरमधल्या आणि प्लास्टरबाहेरच्या अशा दोन्ही पायांना भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही वरच्या खोलीत, मी खाली गॅरेजमध्ये, मध्ये फक्त एक जिना, आणि तरी काल तुम्ही मामीबरोबर निरोप धाडलात की गाडीबद्दल त्या भिंगरीचा एक शब्द माझ्या कानावर पडता कामा नये. म्हणून तोंड बंद ठेवून लिहितो आहे. तब्येत कशी आहे? मामी म्हणते भूक चांगली आहे, आणि सकाळी तुम्ही काठी आपटून ‘खाली काय चाललंय रे?’ म्हणून ओरडलात त्यावरून छातीही खणखणीत वाटली. पायाला आतून खाज सुटते असं ऐकलं. (मी तंबूवाल्याकडे कामाला होतो तेव्हा तिथल्या मुकादमाचा पाय असाच मोडला होता. तो प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवायचा. एक दिवस सुई आतच राहिली. मग ती काढायला त्याने दुसरी सुई घातली. पण ते जाऊ दे. तुम्ही घालू नका.)

आता खाली काय चाललंय त्याचं उत्तर. सगळं उत्तम चाललंय. तुमच्या गाडीचं नाक उतरवलं, दुरुस्ती केली, नाक परत बसवलं. एवढंच जिन्याखालून ओरडून सांगितलं असतं तर तुम्ही प्लास्टरसकट खाली आला असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

उद्या सकाळी तुम्हाला प्लास्टर काढायला दवाखान्यात जायचं आहे. पाय मोडला त्याच दिवशी (गाडीचं पुस्तक वाचत जिना उतरल्यामुळे, मी कोणाला सांगितलेलं नाही) तुम्ही जाहीर केलंत की प्लास्टर काढायला जाईन तर माझ्या गाडीतून. ही गाडी खोक्यांतून सुटे भाग होऊन घरी आली आणि तुम्ही इतकी वर्षं खपून ती स्वतःच्या हातांनी जोडलीत. पण अजून तिने फाटक ओलांडलेलं नाही. फाटकापाशी आली की उकळते, शिटी मारते आणि बसते. हे नेमकं तुमच्या साडूंना कळलं. परवा ते आपली पांढरीशुभ्र गाडी घेऊन आले, तुमची खिडकी उघडी आहे हे नीट बघून घेतलं, आणि अंगणातून मामीला मोठ्याने म्हणाले, “ताई, प्लास्टर काढायच्या दिवशी मी सकाळी येतोच. आमचे शास्त्रज्ञ मागच्या सीटवर झोपतील आरामात. त्यांचं खेळणं राहू दे इथेच.” तुम्ही वरून खिडकी लावून घेतलीत. ती ज्या आवाजाने लागली तो ऐकूनच मी पान्हा हातात घेतला.

घरात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. भिंगरी कुठलंही काम अर्ध्यावर टाकतो. फोटो स्टुडिओ सोडला, बेकरी सोडली, तंबूवाल्याला तर तंबू अर्धा उभा असताना सोडलं. (वारा सुटला होता, मामा. आणि मुकादम माझ्याआधी पळाला, मोडक्या पायाने.) तर हे एक काम मी पुरं करणारच, असं मामीला सांगितलं. ती म्हणाली, “कर बाबा. फक्त ह्यांना कळेपर्यंत सगळं होतं तसं दिसू दे.”

गाडीचं नाक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र मामी जिन्यातच वाचणार, म्हणून तिच्यासाठी लिहितो. बॉनेट, दोन्ही मडगार्ड, दिवे आणि पुढची जाळी हे सगळं मिळून एकच अखंड फायबरचं टरफल आहे. त्याला उघडझाप नाही. अख्खं उचलून बाजूला ठेवायचं, तेव्हा आतलं दिसतं. दुसऱ्या कोणी जोडली असती तर बाहेरून चार बोल्ट काढून काम झालं असतं. पण तुमचा नियम असा की बाहेरून एकही नट दिसता कामा नये. म्हणून सगळे नट आतून, आणि बोल्टांची डोकी फायबरमध्येच पुरून वरून रंग! दिसतं देखणं, यात वादच नाही. मी चाकावरच्या फटीतून खांद्यापर्यंत हात घातला, गाल टायरला टेकवला, डोळे मिटले आणि चाचपडत एकेक नट सोडवला. टायरचा नमुना अजून गालावर आहे. मामी म्हणते बरा दिसतो.

नाक उचलायला दोन माणसं लागतात. एक मामी. दुसरे समोरचे शिंपीदादा, ते ‘जरा या हो’ म्हटल्यावर गळ्यात टेप तशीच ठेवून आले. नाकाभोवती एक फेरी मारून म्हणाले, “बाह्या आखूड झाल्यात. हे धुवायचंय की उसवायचंय?” मी म्हटलं, उचलायचंय. दोघांनी दोन बाजूंनी उचललं. उचलल्यावर मला कळलं की दिव्यांच्या वायरी आधी सोडवायच्या असतात. नाक हवेत, वायरी ताणलेल्या, मामी लाल, शिंपीदादा जांभळे. “अरे, सोडव की लवकर!” मामी ओरडली. “माझे काही धोब्याचे हात आहेत का?” शिंपीदादा कण्हले. मग मी खाली शिरलो. वायरी सुटल्या, नाक गादीवर ठेवलं. (पाहुण्यांची गादी. तुमची तुमच्याखालीच आहे.)

आणि मग, मामा, मामीने आत डोकावून बघितलं. मला वाटलं इंजिन बघून तिला तुमचं कौतुक वाटेल. वाटलंही असेल. पण आधी तिला दिसले ते कपडे वाळत घालायचे चिमटे. एवढ्या वर्षांत दोरीवरून नाहीसे झालेले सगळे चिमटे तिथे वायरी धरून बसले होते, निळे, पिवळे, दोन लाकडी. पुढे हवेच्या नळीच्या तोंडावर तिचं चहाचं गाळणं. त्याच्या बाजूला पाण्याची नळी वर धरून ठेवायला एक डाव, दांड्याला सुंदर बाक दिलेला. मामीने बोट लावून एकेक चिमटा मोजला. मग म्हणाली, “मी त्या भांडी घासणाऱ्या बाईला उगाच काढलं.” शिंपीदादा तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं करून निघून गेले. मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, डाव कसा पक्का बसवलाय बघ, कारखान्यात असं काम होत नाही. तर ती म्हणाली, “तो माझ्या आईने दिलेला होता.” यापुढे मी तुमची बाजू घेतली नाही.

बिघाड मात्र सापडला. रेडिएटरच्या पंख्याची वायर एका पिवळ्या चिमट्यातून निसटली होती. पंखाच फिरत नव्हता, मग गाडी उकळेल नाहीतर काय करेल? वायर जोडली, चिमटा काढून नीट पट्टी लावली. नंतर शिंपीदादा परत आले आणि म्हणाले की ही वायर जाळीतून दोन बोटं घालूनही जोडता आली असती, सुईत दोरा ओवण्याइतकं सोपं. असेल. पण आत काय झालंय हे आत बघितल्याशिवाय कसं कळणार? डॉक्टरांनीही तुमच्या पायाचा आधी फोटोच काढला ना?

नाक बसवतानाही मी अर्धवट काम केलं नाही. तुमची कायमची तक्रार, नाक खडखडतं. ते खडखडायचं कारण तुम्ही नट बाहेरून चाचपडत आवळलेत. मी आतून, डोळ्यांसमोर धरून, मन लावून आवळले, आणि प्रत्येकाला तो लाल डिंक लावला. नळीवर लिहिलंय की एकदा वाळला की नट कशानेही सुटत नाही. खरंच सुटत नाही. मी करून बघितलं.

तेव्हा साडूंना कळवून टाका की पांढरी गाडी धुण्याचे कष्ट घेऊ नका. उद्या तुम्ही तुमच्या गाडीतून, पुढच्या सीटवर, पाय लांब करून जाल. मामी चालवेल. मामीला राग आहे, पण साडूंवर जास्त आहे.

तुमचा, हातातलं काम पुरं करणारा भाचा,
भिंगरी

ता. क. अक्षर वाकडं आलं आहे त्याबद्दल क्षमा असावी. इथे कोपर हलवायला जागा नाही आणि टॉर्च दातांत धरावा लागतो. इथे म्हणजे नाकात. जादा चाकासाठी तुम्ही जी गोल जागा सोडली आहे, तिथे मी बसलो आहे. मामी आणि शिंपीदादांनी नाक माझ्यावरून अलगद उतरवलं, मी आतून नट आवळले, डिंक लावला, आणि तो वाळल्यावर माझ्या लक्षात आलं. काळजी नसावी. जाळीतून कागद बाहेर जातो, केळं आत येतं. चहा कपातून येत नाही, पण मामीने रबरी नळीची सोय केली आहे.

दुसरा ता. क. पुढचं डावं चाक काढलं की त्या पोकळीतून मी सहज बाहेर पडेन. (चाकाच्या नटांना डिंक लावलेला नाही. डाव्या तरी नाही.) चाक काढायला जॅक हवा. मामीने सगळं गॅरेज शोधलं. मग तिला आठवलं, डॉक्टर म्हणाले पाय उंचावर ठेवा, तेव्हा तुम्ही पलंगाची पायाकडची बाजू जॅकवर चढवलीत. मामा, विनंती एवढीच की पाय आजची रात्र उशीवर ठेवून जॅक पत्र आणणारीच्या हाती द्यावा. पलंग हळूहळू उतरवा. ती फार रागात आहे, तिला उतरवू देऊ नका.

तिसरा ता. क. जॅक द्यायचा नसेल तरी माझी तक्रार नाही. मामीने आत्ताच गाडी सुरू करून फाटकापर्यंत नेली, फाटकाबाहेर काढली, शिंपीदादांच्या दुकानाला वळसा घालून परत आणली. उकळली नाही. पंखा झकास फिरतो, माझा शर्ट अजून रेडिएटरला चिकटलेला आहे. तेव्हा उद्या काही झालं तरी तुम्ही तुमच्याच गाडीतून जाणार, आणि मीही तुमच्याबरोबर आहेच. दवाखान्यात तर तुमच्या दोन हात आधीच पोचेन.