मायकडून काय आलं

वाडी, नागपूर
दि. ४ ऑगस्ट २०२४

ती. प्रेमलताताईस,
धाकट्या करिष्माचा सप्रेम जयभीम. आम्ही दोघं नवरा-बायको ठीक, तिकडची खुशाली कळवत जावी. पत्रास कारण की,

तू म्हणशील, हातात मोबाईल असून ही बाई कागद काहून खरडून राहिली. ताई, फोनवर दहा मिनिटं बोलली की मी दोन दिवस उठत नाही, अन् मोबाईलचा उजेड डोळ्यात सुईसारखा शिरते. कागदाचं बरं आहे. चार ओळी लिहायच्या, डोळे मिटून पडायचं, मंग पुढच्या चार. हे पत्र तीन दिवसांचं आहे. कुसुमताई अजून उमरेड-नागपूर गाडीवर कंडक्टर आहे, तिच्याच हाती पाठवते. त्याच गाडीत नऊ वर्षं उभ्यानं तिकिटं फाडणारी मी, आता आंघोळीले स्टूल लागते.

खबर चांगली आहे. धरमपेठेत एक खासगी दवाखाना सापडला. तिथल्या डॉक्टरनं माझं सगळं ऐकलं अन् म्हणाला, बाई, हे मनाचं नाही, शरीराचं आहे. पेशीपेशीत ताकद तयार करणारे बारके कारखाने असतात, त्याले मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. डेंगू झाला तेव्हापासून तुमचे बंद पडले. ते लोक सलाईनमधून नवे, चांगले चढवतात. अजून प्रयोगच चालू आहे म्हणे. मले दोन सप्टेंबर तारीख दिली. मी तिथंच रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हटलं की मी ढोंग नाही करून राहिली.

पण एक गोष्ट मनात रुतून बसली. त्यानं मायबद्दल विचारलं. मी सांगितलं, माय हातमागावर बसायची, दुपारी तिथंच मागाशेजारी आडवी व्हायची, अन् बाबा आळशी म्हणून ओरडायचे. तो म्हणाला, मिळालं मूळ! हे कारखाने आईकडूनच येतात, बापाकडून नाही. म्हणजे मायचं मले आलं, तुले आलं, अन् तुझ्याकडून सरिताले. लक्षणं दिसायच्या आधीच पोरीले घेऊन या म्हणे. मले लेकरू नाही, पण तुले आहे. ती पोलीस भरतीसाठी पहाटे धावते ना? तिले जपजो.

पत्र मोठ्या अक्षरात लिही, तुझ्या आशा वर्करच्या रजिस्टरासारखं बारीक नको. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
करिष्मा


उमरेड
दि. ११ ऑगस्ट २०२४

चि. करिष्मास,
ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. धम्मानंदभाऊंना जयभीम सांगणे.

मोठं अक्षर काढून राहिली, दिसते ना? तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा भेव वाटलं, तिसऱ्यांदा उठून सरिताचे बूट कपाटात टाकले अन् कुलूप लावलं. आठशे मीटर ती आता तीन मिनिटांच्या आत काढते. पोट्टी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इतकंच म्हणाली, मावशी बिमार आहे, तू मले काहून बिमार करून राहिली. आता ती जरा लोळली तरी मी कपाळाले हात लावून पाहते. माझंही तेच. परवा आरोग्य केंद्राच्या पायऱ्या चढताना धाप लागली, तर वाटलं, झालं सुरू. मंग आठवलं, सकाळीच पाटोडीचा रस्सा चार वाट्या चापला होता.

एक विचारू? रागावू नको. चौदा वर्षं आशाचं काम केलं, इतकं कळते की प्रयोगाचा उपचार असला की आधी कागद असते. मंजुरी कोणी दिली, धोका काय, मधूनच सोडता येते की नाही, सगळं आपल्याले समजेल असं लिहिलेलं असते. तुले असा कागद दिला का? आमच्या इथल्या सरकारी डॉक्टरले मी विचारलं. ते म्हणाले, नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हिमानी मॅडम म्हणून आहेत, त्या याच थकव्याच्या बिमारीचा अभ्यास करतात. दोन तारखेच्या आधी त्यांना दाखव. फक्त दाखव, बाकी तुझ्या मनाचं कर.

बाबा माझ्याकडे बरे आहेत. गुडघे गेले, आवाज तेवढा शाबूत आहे.

तुझीच काळजी करणारी
प्रेमलताताई


वाडी, नागपूर
दि. १९ ऑगस्ट २०२४

ती. ताईस जयभीम.

आज खुशाली विचारत नाही, कारण राग आहे. तुले आता कागद आठवला! सरिता बारावी पास झाली त्या जेवणात मी पोळ्या लाटता लाटता उठून भिंतीले टेकली, तर तू चार बायांसमोर म्हणाली होती, करिष्माले काम दिसलं की बिमारी येते. तेव्हा कोणता कागद पाहिला होता तू? धरमपेठचा तो माणूस खरा की खोटा, मले माहीत नाही. पण त्यानं माझं ऐकलं तरी.

इथपर्यंत परवा लिहिलं. पुढचं आज लिहून राहिली. काल धम्मानंदनं त्या दवाखान्यात फोन लावला अन् विचारलं, बिघाड मायकडून आला हे कोणत्या तपासणीत दिसलं. ते म्हणाले, तपासणीची गरज नाही, लक्षणं पुरे आहेत. धम्मानंद मले म्हणाला, आमच्या गोदामात साधं खोकंही उघडून पाहिल्याशिवाय आतला माल फुटला असं आम्ही लिहीत नाही. मले आधी हसू आलं, मंग रडू. माझं रक्तसुद्धा नाही घेतलं वं त्यानं, अन् तुझ्या पोरीचं भविष्य सांगून मोकळा झाला.

हिमानी मॅडमकडे जाते. तुझ्यासाठी नाही, सरितासाठी.

रागातही तुझीच
करिष्मा


वाडी, नागपूर
दि. ५ सप्टेंबर २०२४

आदरणीय प्रेमलताताई यांस,
धम्मानंदचा सविनय जयभीम.

करिष्मा लिहू शकत नाही म्हणून मी लिहून राहिलो. घाबरू नका. सत्तावीस तारखेले मोठ्या दवाखान्यात गेलो. तीन तास नंबर लागला नाही. ती बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लोक पाहत होते, आम्ही पाहू दिलं. घरी आल्यावर दोन दिवसांनी जी पडली ती अजून पडूनच आहे, मी पेज भरवतो. मॅडमनं हे आधीच सांगितलं होतं. आजची मेहनत दोन दिवसांनी अंगावर येईल, अन् तेच या बिमारीचं खरं लक्षण आहे.

मॅडमनं पाऊण तास दिला. धरमपेठची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. त्या म्हणाल्या, कारखान्यांची गोष्ट अगदीच खोटी नाही, बाहेरच्या देशांत त्यावर बराच अभ्यास चालू आहे. पण सलाईननं नवे चढवून या बिमारीचा माणूस बरा झाल्याचा पुरावा त्यांनी तरी पाहिला नाही. अन् आईकडून येणारा बिघाड असला तर तो तपासता येते, अंदाजानं सांगायचा नसते. रक्त अन् लघवी दोन्ही घेतलं. निकालाले सहा-सात आठवडे लागतील. त्यांच्याकडेही एका गोळीचा अभ्यास चालू होणार आहे. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना रिकामी, कोणाले कोणती ते शेवटपर्यंत कळत नाही. तुम्ही म्हणत होत्या तसा कागद आहे, सात पानं. मी घरी आणून वाचून राहिलो.

करिष्मानं त्यांना विचारलं, मी बरी होईन का. मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही. मले वाटलं, आता ही कोसळते. पण बाहेर आल्यावर ती मले म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी डॉक्टर खरं बोललं.

दोन तारीख आम्ही रद्द केली. फोन मी लावला, शब्द तिचे होते. रस्त्यावरच्या ट्रकच्या हॉर्नचा तिले त्रास होते म्हणून खिडकीले ताडपत्री ठोकली. तुम्ही तिच्यावर रागावू नका, अन् तिच्या रागाचंही मनावर घेऊ नका.

आपला हात आमच्या डोक्यावर राहो.

आपला
धम्मानंद


वाडी, नागपूर
दि. २१ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस जयभीम.

निकाल आला. मायकडून काहीच आलेलं नाही. जे बिघाड तपासता येतात त्यातला एकही सापडला नाही. मॅडमनं दोनदा वाचून दाखवलं. माझं साफ म्हणजे मायचं साफ, तुझं साफ, पोरीचं साफ. माझी बिमारी आहे, खरी आहे, कागदावर तिचं नाव लिहून दिलं. पण ती डेंगूनंतरची, माझ्यापुरती. सरिताले थांबवायचं काही कारण नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कपाटाचं कुलूप काढ वं.

तुझी
करिष्मा


उमरेड
दि. २५ ऑक्टोबर २०२४

चि. करिष्मास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

कुसुमताईनं पत्र दिलं ते मी बसस्टँडवरच फोडलं. तिथंच पायरीवर बसली. कुसुमताईले वाटलं कोणी गेलं. तिनं पाण्याची बाटली माझ्या तोंडाले लावली अन् मी हसून राहिली.

घरी येऊन किल्ली शोधू लागली तर कळलं, पोट्टीनं महिनाभर आधीच मैत्रिणीचे बूट मागून धावणं सुरू केलं होतं. मले राग म्हणून आला नाही.

त्या जेवणातलं ते बोलणं. मी बोलली होती. आठवत नाही असं खोटं नाही लिहीत. दुसऱ्यांच्या बायांचा साधा ताप ऐकून मी दोन कोस चालत जाते, अन् सख्ख्या बहिणीचं ऐकलं नाही. माफी मागते. द्यायची घाई नको करू.

दोन दिवस आणखी एक डोक्यात आहे. मंग मायले काय होतं? पहाटे उठून पाणी, चूल, दिवसभर माग, वरून आपल्या दोघींची दुखणी. तिले बिमारी नव्हती वं. माय नुसती थकत होती, अन् तेवढंही तिले कोणी थकू दिलं नाही. बाबा ओरडायचे तेव्हा आपणही हसायचो, आठवते? तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं, हेही सांगितलं. ते काठी घेऊन बाहेर गेले अन् उशिरा जेवले.

तुझी
ताई


उमरेड
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. करिष्मास,
ताईचे अनेक आशीर्वाद. परवाचा प्रवास अंगावर आला असेल, तर हे पत्र तुकड्या-तुकड्यानं वाच.

तीन वर्षांनी तू आपल्या अंगणात बसून जेवली, डोळे भरून पाहिलं. मॅडमच्या अभ्यासात तू नाव दिलं, पण तुले मिळते ती गोळी खरी आहे की रिकामी, हे मॅडमलेही माहीत नाही. पण थकायच्या आधीच आडवं व्हायचं हे तू शिकली, त्याचा गुण मले तरी दिसला. चेहऱ्यावर तजेला आहे.

तू झोपल्यावर काय झालं ते तुले माहीत नाही, म्हणून लिहून राहिली. सरिताची मैदानी परीक्षा निघाली म्हणून ते जेवण होतं, घरभर माणसं. तू अर्ध्या ताटावरून उठली, मी थकली, जाऊन पडते म्हणाली अन् आत गेली. शेजारची एक बाई म्हणालीच, इतक्यात थकली? मी तोंड उघडणार तर बाबा मोठ्यानं बोलले, हाव, थकली, अन् तिले कोणी उठवायचं नाही. मंग त्यांनी खुर्ची ओढत नेली अन् तुझ्या दाराले पाठ लावून बसले. टीव्ही बंद करायले लावला. पोरांना अंगणातून रस्त्यावर पिटाळलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याच्या आवाजानं आपण दोघी माजघरात लपायचो, तो चार वाजेपर्यंत कुजबुजत बोलत होता. चहा तिथंच घेतला, बशी न वाजवता. सरिता गमतीनं सलाम ठोकून गेली, तर तिलेही बोटानं चूप केलं.

तू उठून म्हणाली, ताई, किती निवांत झोप लागली. तेव्हा मी काही सांगितलं नाही. बाबा समोर होते, लाजले असते.

पुढच्या खेपेले आम्हाले भेटायले म्हणून नको येऊ. झोपायलेच ये.

तुझी
प्रेमलताताई