अकरा मंगळवार

१८ नोव्हेंबर

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

दीड महिना तुला पत्र नाही, माफ कर. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा हवापाण्यावर येऊन थांबले. तू भावोजींच्या बदलीच्या गावी रुळलीस का, हे विचारायचाही धीर होईना. ज्या शाळेसाठी तू पाच वर्षं लेकीला घेऊन इथे एकटी राहिलीस, त्या विशेष मुलांच्या शाळेत पाण्यातले व्यायाम घ्यायला मी अजून रोज जाते, आणि ती नाही.

तुझ्या लेकीची, आमच्या राणीसाहेबांची, आठवण सगळेच काढतात. एक शब्द न बोलता नुसत्या डाव्या करंगळीवर अख्ख्या शाळेला कामाला लावणारी दुसरी कुणी झाली नाही. मुलांना शांत करायच्या अंधाऱ्या खोलीतला, रंग बदलणारा बुडबुड्यांच्या पाण्याचा खांब निळा झाला की तिला खपायचा नाही. करंगळी उठायची आणि आम्ही पिवळा दिवा लावायला धावायचो. परवा खोलीत दुसरीच मुलं होती, तरी मी सवयीनं पिवळाच लावला.

जाताना तू विचारलं होतंस, पाण्यामुळे तिची छाती भरून ती गेली का. नाही, ताई. पाणी चौतीस अंशांवर असतं, आणि आजारी पडायच्या आधी दहा दिवस ती शाळेच्या व्यायामाच्या हौदात उतरलीच नव्हती. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तो दोष माझा नाही. माझा दोष वेगळा आहे. तो कुणी विचारलेला नाही, म्हणून मीच सांगते.

आमचा नियम तुला पाठ आहे. मूल एका तळव्याच्या आधारावर लागोपाठ तीन वेळा शांत तरंगलं, की आईला पाण्यात घ्यायचं. तोवर आईनं धुरकट काचेबाहेर बाकावर बसायचं, कारण आई जवळ दिसली की मूल तिलाच बिलगतं. ती तीनदा तरंगली होती. जुलैतच. मुठी उघड्या, पाय सैल. मी नोंदवहीत लिहिलं, ‘आणखी सराव हवा.’ पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. असे अकरा मंगळवार. तुला म्हणत राहिले, अजून थोडं थांब.

का, तर त्या अर्ध्या तासात ती फक्त माझी असायची. मला मूल नाही, हे कारण पुढे करून मी सुटणार नाही. मूल नसलेल्या सगळ्याच बायका असं करत नाहीत.

लोभ उरला असेल तर तेवढाही पुरे.

तुझी,
धाकटी


२६ नोव्हेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद. (हात सवयीनं लिहून गेला. राहू दे.)

दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. यांना पत्र दाखवलं, तर म्हणाले, तिनं सांगितलं नसतं तर आपल्याला कळलंही नसतं. मी म्हटलं, मग कशाला सांगितलं? लहानपणीही कपबशी फोडून तू स्वतःच आईकडे कबुली द्यायचीस आणि बोलणी दोघींना बसायची.

त्या बाकावर बसून मी शेजारच्या बायांना सांगायचे, माझी बहीण फार काटेकोर हो, उगाच घाई करायची नाही. मूर्ख मी.

माफ केलं, असं लिहवत नाही. एकच सांग. घरी तिला उचलताना माझी कंबर मोडायची. अंघोळीला, गाडीत, अंथरुणावर, दिवसातून दहादा. बत्तीस किलो. पाण्यात ती किती जड लागायची?

लोभाचं पुढे बघू.

ताई


४ डिसेंबर

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

जड लागायचीच नाही. मानेखाली माझा एक तळवा, बस्स. ओल्या टॉवेलचंही ओझं होतं हाताला, तिचं व्हायचं नाही.

इथेच थांबले असते तर तुला जरा बरं वाटलं असतं. पण अर्धं सांगणं म्हणजे पुन्हा तेच करणं. काचेमागे तू उठून उभी राहिलीस, की तुझी सावली हलायची. ती मान तिकडे वळवायची. करंगळी उठायची. तिचा अर्थ शाळेत सगळ्यांत आधी मला कळायचा, आणि मी तिला हळूच दुसऱ्या बाजूला फिरवायचे.

काल नोंदवही मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवली. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, नोंदी खोडायच्या नाहीत, प्रत्येकीशेजारी खरं काय ते लिहून सही करायची. केली. अकरा सह्या. पाण्याचं काम माझ्याकडून काढून घ्या, असंही मी सुचवलं. त्यांनी नाही म्हटलं. ती शिक्षा तुम्हाला सोपी जाईल, म्हणाल्या.

बाकावर आता एका सात वर्षांच्या मुलीची आई बसते. मुलगी आज सलग तिसऱ्यांदा तरंगली. मी आईला काही न बोलता घरी आले, आणि कपडे न बदलताच हे लिहायला बसले आहे.

उत्तर नाही आलं तरी मी लिहीत राहीन. लोभाबद्दल काही मागत नाही.

तुझी,
धाकटी

उद्या : सकाळी उठल्याबरोबर त्या आईला फोन करून पोहण्याचे कपडे घेऊन यायला सांगणे.