करारातलं ठिकाण

शारजा,
शुक्रवार, १८ जुलै २००३

प्रिय इसाबेलबाई,

नमस्कार. तुम्ही वसईला सुखरूप पोचल्याचं बैठकीतल्या पर्सीकडून कळलं. तुमच्या पुस्तकांचे सहा खोके कार्गोने पाठवले आहेत. कोकण आणि आखातातल्या जुन्या व्यापारी पत्रांवरच्या तुमच्या नोंदी प्लास्टिकमध्ये वेगळ्या बांधल्यात. इथे सेहेचाळीस डिग्री. आमचा अथर्व रोज विचारतो, "व्हेन इज आंटी कमिंग बॅक?"

शुक्रवारची बैठक उम्म अल कुवैनच्या तुमच्या फ्लॅटऐवजी आता पर्सी आणि ट्रेसीच्या हॉलमध्ये भरते. मी तुमच्यासारखी क्वेकर पंथाची ख्रिस्ती नाही, तरी जाते. पाद्री नाही, स्तोत्रं नाहीत. तासभर गप्प बसायचं, आतून वाटलं तरच बोलायचं. दहा वर्षं तुम्ही ती चालवलीत.

आपल्या मजूरभरतीच्या ऑफिसबद्दल लिहायला हवं. मजुरांना इराकमधल्या लष्करी छावणीत नेणार होते आणि तुम्ही भाषांतर करायच्या मराठी करारात लिहायचं होतं कुवेत. तुम्ही मॅनेजर राजनला म्हणालात, "युद्धाच्या कामाला मी हात लावणार नाही. आणि खोटं तर मुळीच लिहिणार नाही." तो म्हणाला, "खलास मॅडम, कोई और करेगा." चार दिवसांनी तुम्ही ऑफिसात धर्मप्रचार करता अशी लेखी तक्रार निघाली आणि तुमचा व्हिसा रद्द झाला. तक्रार कोणाची, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. एअरपोर्टवर मला जवळ घेतलंत.

सही माझी होती. मजकूर राजनने टाइप करून आणला. ह्यांची नोकरी सुटली होती, घर माझ्यावर होतं. मी पूर्ण वाचला आणि सही केली. करारही मीच मराठीत केला. कुवेत लिहिलं.

मंगळवारी सत्तावीस मजूर आले, बहुतेक रत्नागिरीकडचे. त्यांच्या सह्या घ्यायला मला बसवलं. एकाने विचारलं, "ताई, कुवेतला पण एवढंच ऊन असतं काय?"

मी म्हणाले, "कुवेत नाही. तुम्हाला इराकला नेणार आहेत. तिथे लढाई चालू आहे."

अकरा जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले. एक म्हातारा म्हणाला, "घरी जाऊन तरी काय करू?" त्याने सही केली. राजनने मला त्याच दिवशी काढलं.

आज बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ट्रेसी उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

दोन ऑगस्टला आम्ही पुण्याला परततोय. वसईला यायचा धीर अजून होत नाही. माफी मागत नाही, कारण तुम्ही ती लगेच देऊन टाकाल.

मैथिली