नाव नसलेली कविता

मंगळवार, संध्याकाळ

प्रयोग माझ्याच अंगाशी आला. नुसतं नाव बदललं तर कवितेचा अर्थ किती बदलतो, एवढंच बघायचं होतं. म्हणून तीच सहा ओळींची कविता इथल्या बंगळुरूच्या ऑफिसच्या मराठी ग्रुपवर 'फ्लॅट सोडताना' म्हणून टाकली आणि माहेरच्या ग्रुपवर 'निरोप' म्हणून. शेवटची ओळ: 'किल्ली शेजारच्या अक्कांकडे ठेवली आहे.'

ऑफिसमधले विचारायला लागले, नवीन घर कुठे, हेब्बाळला का? आईचा मात्र पुण्याहून लगेच फोन. "तुझं आणि समीररावांचं बरं चाललंय ना गं?" मी हसले. पण फोन लवकर ठेवला.

मग वाटलं, नावच नसेल तर? समीर घरी आल्यावर कोरा मथळा ठेवून कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने दोनदा वाचला. चहाला हात लावला नाही. मग हळूच म्हणाला, "कधी जाणार आहेस?"

हा प्रयोग आहे, इतकंच म्हणायचं होतं. अजून म्हटलेलं नाही.

आणि ती किल्ली. आमची जादा किल्ली गेल्या आठवड्यात मी खरंच अक्कांकडे दिली आहे. समीरला न सांगता.