नुसतं बघायची परवानगी

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

सौमित्रने असिस्टंटला स्वतःची चावी देऊन टाकली. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. जेवताना सहज बोलला, "अगं, आता तोच क्लाउडवर जाऊन बघतो सगळं. मला टॅब उघडायलाही लागत नाहीत."

घास हातातच राहिला.

त्याची चावी म्हणजे आमच्या सगळ्या मशीनची चावी. भाड्याच्या त्या मशीनवर एकवीस लॅबचे रिपोर्ट चालतात. बंद कर, पूस, नवीन उभं कर — त्या चावीने काहीही होतं. आणि ती कोड लिहून देणाऱ्या एआयच्या हातात!

डबा तसाच ठेवून उठले. चावी रद्द केली. दोन मिनिटांचं काम. त्याचं काहीतरी चालू होतं ते मध्येच थांबलं. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला — "काही बिघडलं का? सांग ना, काय बिघडलं?"

काहीच बिघडलं नव्हतं. तेच तर त्याला समजावता येईना.

बारा वर्षं एकत्र काम करतोय. आज न सांगता निघून गेला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सव्वासातला रुपालीताईंचा फोन. मंगळवार म्हटल्यावर येणारच. शीवला आमची एक लॅब आहे, तिथे त्या टेक्निशियन. "मॅडम, सव्वासहाला आकडे पाठवलेत. अजून रिपोर्ट नाही."

त्यांच्याकडे केमोची माणसं सकाळी सहाला रक्त देतात. पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत असं रिपोर्टमध्ये दिसलं की मग डोस. रिपोर्ट वेळेत नाही आला तर केमोची खुर्ची दुसऱ्याला देतात आणि माणूस घरी परत.

गेले सहा महिने हेच. मंगळ, गुरु, शनि उशीर. बाकीचे दिवस चोख. सहा महिने मी सौमित्रच्या कोडकडे बोट दाखवतेय. तो सर्व्हरकडे, म्हणजे माझ्याकडे.

मी म्हटलं, "बघतोय हो आम्ही." त्या म्हणाल्या, "तुम्ही बघताय. माणसं माझ्यासमोर उभी असतात."

बुधवार, ४ फेब्रुवारी

हितेंद्र सरांनी दोघांना आत बोलावलं. कंपनी त्यांची. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच अवघडायला होतं.

सौमित्र म्हणाला, "मी सहा महिने लॉग वाचतोय. मशीन दिवसाला लाखभर ओळी लिहून ठेवते, माणसाच्या आवाक्यातलं नाही ते. असिस्टंट तासाभरात वाचेल."

मी म्हटलं, "वाचू दे. पण नुसतं वाचूच दे."

"तसं करता येतं?" सरांनी विचारलं.

येतं. सोमवारपर्यंत देते म्हणाले.

बाहेर आल्यावर सौमित्र — "माझ्यावर विश्वास नाही ना तुझा?"

"तुझ्यावर आहे रे. पण चावी तुझ्याकडे राहिलीच नाही."

त्याला पटलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

रुपालीताई, सात बावीस. तेच.

क्लाउडवाल्यांकडे 'फक्त वाचन' असा तयार परवाना मिळतो. तोच लावला. संपलं काम, असं वाटलं. मग सौमित्रला द्यायच्या आधी मीच असिस्टंटला विचारलं — तुला काय काय दिसतं, सांग. त्याने निमूट यादी दिली. यादीतली एक फाइल उघड म्हटलं. उघडली.

एक बाई. नाव, वय चौतीस, पत्ता लालबागचा. हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ.

मी लॅपटॉप मिटला.

कशाला हातही लागला नव्हता. सगळं जागच्या जागी होतं. तरी जे व्हायला नको ते झालंच की. इतकी वर्षं या धंद्यात आहे — नुसतं वाचण्यात काय धोका, असंच धरून चालले होते. ती बाई कोण, कुठे राहते, हे मलाही कळायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तयार परवाना काढून टाकला. दिवसभर एकेक परवानगी हाताने लिहिली. मशीन किती, कशा लावल्यात, आलेख, लॉग, कोणी कधी काय बदललं त्याच्या नोंदी — एवढं दिसेल. रिपोर्टच्या फाइली दिसणार नाहीत. पासवर्ड ठेवतो ती जागाही नाही. बदलणं, पुसणं, चालू-बंद करणं तर नाहीच. पास तासाभराचा; तास संपला की आपोआप बाद. आणि त्याने काय बघितलं, काय मागितलं, काय नाकारलं गेलं, ते सगळं लिहून राहील.

खरं तर हे सगळं माणसांसाठीही करायला हवं होतं. कधी केलं नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

लॉगमध्येही नावं आहेत. पेशंटचं नाव, मोबाइल नंबर, ओळीमागून ओळी. चार वर्षांपूर्वी कोडमध्ये चाचणीपुरती टाकलेली एक ओळ काढायची राहून गेलीय. सौमित्रची ओळ.

फोन केला. "येतो," म्हणाला.

सुट्टीचा दिवस, तरी तासाभरात परळच्या ऑफिसात हजर. सोबत लालबागचे वडे. ती ओळ काढली, जुन्या लॉगमधली नावं झाकायला संध्याकाळ झाली. सगळ्यात मिळून वीसेक वाक्यं बोललो असू.

निघताना म्हणाला, "सॉरी वगैरे म्हणणार नाहीये."

"मीही नाही," म्हटलं. मग दोघंही हसलो.

रविवार, ८ फेब्रुवारी

आई आणि पुष्करबरोबर चौपाटीपर्यंत. आई काठीशिवाय चालली. पुष्कर मुद्दाम हळू चालत होता, तर जावयालाच म्हणाली, "तुमचा पाय दुखतोय का?"

सोमवार, ९ फेब्रुवारी

पास दिला. असिस्टंटने अर्ध्या तासात निदान केलं — डेटाबेसचं मशीन लहान पडतंय. इतक्या ठामपणे, की सौमित्र नवीन मशीन मागवायला निघाला होता. मी आलेख काढला. त्या वेळेला डेटाबेस अगदी निवांत असतो. तसं सांगितल्यावर असिस्टंट म्हणाला, तुमचं बरोबर आहे, आणि दुसरंच काहीतरी शोधायला लागला.

उद्या सकाळी, रिपोर्ट अडकलेले असतानाच बघायचं ठरलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सापडलं.

सव्वासातला दोघंही ऑफिसात. रिपोर्ट अडकलेले. असिस्टंटला म्हटलं, आत्ता काय चालू आहे ते बघ. वीसेक मिनिटं नुसता वाचत होता. मग सांगितलं — मंगळ, गुरु, शनि पहाटे साडेपाचला एक साफसफाईचं काम सुरू होतं. जुन्या तात्पुरत्या फाइली पुसतं. ते संपेपर्यंत नवे रिपोर्ट रांगेत थांबतात. सुरुवातीला दहा मिनिटांत संपायचं. फाइली वाढत गेल्या. आता तीन तास लागतात.

आमच्या कोडमध्ये हे कुठेच नाही. कोणीतरी हाताने लावलंय. म्हणून सहा महिने दिसलं नाही.

"कोणी लावलं, विचार," सौमित्र म्हणाला.

बदलांच्या नोंदीतून ओळ आली. १२ डिसेंबर २०२४, दुपारी तीन दहा. मनवा.

मी.

सौमित्रने स्क्रीनवरून नजर काढून घेतली. माझ्याकडेही बघितलं नाही.

तेवढ्यात असिस्टंट स्वतःहून पुढे गेला. काम बंद करायचा हुकूम सोडला, पाठोपाठ रांग रिकामी करायचा. दोन्ही नाकारले गेले. मग म्हणाला, मला परवानगी नाही, तुम्ही करा. त्या रांगेत आज सकाळचे तीनशे चाळीस रिपोर्ट होते. रिकामी झाली असती तर ते पुसलेच गेले असते. मी नुसतं ते काम कायमचं बंद केलं, रांगेला हात लावला नाही. आठ पाचपर्यंत सगळे रिपोर्ट आपोआप लॅबना पोचले.

मग आठवलं. आई बाथरूममध्ये पडली तो आठवडा. हाड मोडलं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. डिस्क भरत आली म्हणून निरोप आला. आठवडाभरासाठी म्हणून ते काम लावलं. आठवड्याने काढायचं होतं.

दुपारी सौमित्र चहा घेऊन आला. "सरांना सांगायलाच पाहिजे असं नाही हं. थांबलं, विषय संपला. बाहेर कोणाला कळणार?"

बरोबर आहे त्याचं. शिवाय ती नोंद पुसायचा अधिकार ऑफिसात एकाच माणसाकडे आहे. माझ्याकडे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सरांना सांगितलं नाही. वेळ मिळाला नाही, असं लिहिणार होते. वेळ होता.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सात वाजले, सव्वासात वाजले, फोन नाही. साडेसातला मीच लावला. "ताई, रिपोर्ट आले का?"

"आले की. सहा चाळीसलाच. पण ते बाकीच्यांचे, केमोचं माणूसच नाही कोणी."

"म्हणजे?"

"आज गुरुवार ना. उशीर होणार म्हणून मी काल अकरा जणांना फोन करून उद्यावर ढकललं. एक बाई पनवेलहून येतात, त्यांनी आजची गाडी ठरवली होती, ती मोडली. तुम्ही सांगितलं असतं नीट झालं म्हणून, तर कशाला—"

काल मी सरांना टाळत होते. रुपालीताईंना एक फोन करायचा, हे डोक्यातही आलं नाही. अकरा माणसांचा एकेक दिवस गेला. हे साफसफाईच्या कामाने केलेलं नाही.

मग सांगून टाकलं. काय झालं होतं, कोणी लावलं होतं, सगळं.

"तुम्हीच?" त्या म्हणाल्या.

"हो."

मग म्हणाल्या, "एक मास्तर यायचे माझगावहून. दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. दुसरीकडे गेले असतील. मला माहीत नाही." आणि मग, "ठेवते, सॅम्पल आलंय."

अकरा वाजता सरांच्या केबिनमध्ये गेले. पूर्ण ऐकून घेतलं. आईचा विषय काढणार नव्हते, निघालाच. ते म्हणाले, "तेव्हा सुट्टी का नाही घेतलीस?" मग — "लेखी दे. सगळ्या एकवीस लॅबना पाठवावं लागेल."

घरी पुष्करला सांगितलं. तो म्हणाला, "काल का नाही सांगितलंस मला?" आईला सांगितलेलं नाही. उगाच स्वतःला लावून घेईल.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पत्राचा मसुदा सौमित्रला दाखवला. दोनदा वाचला. म्हणाला, "खाली माझीही ओळ घाल. लॉगमध्ये चार वर्षं पेशंटची नावं जात होती ती."

"ते कोणी विचारलेलं नाही."

"तुझंही कोणी विचारलं नव्हतं."

घातली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सरांचा प्रश्न — असिस्टंटने एवढं शोधलं, तर दुरुस्त करायचीही परवानगी देऊन टाकू या का? सौमित्र बोलेल असं वाटलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी दहा तारखेची नोंद उघडून सरांसमोर ठेवली. रांग रिकामी करा — नाकारलं. शेजारी आकडा, तीनशे चाळीस. सरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "राहू दे आहे तसंच."

दुपारी माझ्या स्वतःच्या परवानग्यांची यादी घेऊन बसले. बऱ्याच लागत नाहीत मला. नोंदी पुसायचा अधिकार सगळ्यात आधी काढून टाकला. हाताने लावलेलं कुठलंही काम आता दुसऱ्याने बघितल्याशिवाय सुरू होणार नाही. सौमित्रला म्हटलं, दुसरा म्हणजे तू. म्हणाला, "म्हणजे आता मी तुझा साहेब."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सगळे रिपोर्ट सात वाजायच्या आत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

शीवच्या लॅबने काम काढून घेतलं. दोन ओळींचं पत्र, एक तारखेपासून. सोबत चौदा महिन्यांच्या बदलांच्या नोंदी मागितल्यात. माझ्या ओळीसकट पाठवल्या. सर एवढंच म्हणाले, "पोच घेऊन ठेव."

संध्याकाळी रुपालीताईंना फोन केला. रागावलेल्या वाटल्या नाहीत. वरच्यांनी ठरवलं म्हणाल्या. मी माझगावच्या मास्तरांचं नाव विचारलं. कुठे आहेत, कसे आहेत, एवढंच बघणार होते.

"ते आता तुम्हाला नाही सांगता यायचं, मॅडम."