पहूरला न पाठवलेल्या गोळ्या

जळगाव,
चैत्र, सन १९५७

प्रिय अक्का,

हे पत्र टपालात न टाकता बांगडीवाल्या सुगराबीच्या हाती देतो आहे. तुझ्या बेबीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला ती पहूरला येणारच आहे, आणि बांगड्या भरताना बायकांत कोणी पुरुष येत नाही. टपालाने आलं असतं तर तुझ्या सासऱ्यांनी ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं असतं. यातला मजकूर तसा नाही. तू चौथीपर्यंत शिकलीस याचा मला आज फार आधार वाटतो. अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. एकटी असशील तेव्हा वाच.

परवा दाजी आमच्या औषधांच्या दुकानात आले होते. आधी लग्नाच्या सगळ्या वार्ता झाल्या. धुळ्याची मंडळी मोटार भरून येणार, मांडवाला दारची केळ तोडणार, नवरा मुलगा कचेरीत कामाला आहे म्हणून जेवणात जिलबी हवीच. मग गिऱ्हाईक हटेपर्यंत ते कपाटांवरच्या बाटल्या बघत उभे राहिले. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, सुपडू, त्या ताकदीच्या गोळ्या या वेळी दोन बाटल्या दे, आणि आणखी एखादी अशी गोळी दे की लग्न पार पडेपर्यंत तिचं ते थांबून राहील. ‘ते’ म्हणजे काय हे कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या, आणि मी स्वच्छ असलेला वजनकाटा पुन्हा पुसू लागलो.

अक्का, तुझी तब्येत बरी नसते एवढंच मला ठाऊक होतं. अशक्तपणा आहे असा तुझा निरोप आला की मी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली पाठवायचो. कसला अशक्तपणा, हे कधी विचारलं नाही. बायकांचं काही असेल, आपण कसं विचारायचं, असं मनाशी म्हणून मी बाटलीवर सुवाच्य अक्षरात ‘रोज एक’ लिहीत राहिलो. दाजींनी बाकीचं परवा तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तुझी पाळी कधी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की थांबता थांबत नाही. भर थंडीत तुझ्या अंगातून वाफा निघतात. जेवढे दिवस अंगावर जातं तेवढे दिवस तू गोठ्याशेजारच्या खोलीत बसतेस, आणि तुझ्या सासूबाई, आत्याबाई, शेजारणींना सांगतात, कावळ्यानं हिच्याकडं घरटंच बांधलं व माय! दाजी हे सांगताना हसले. मलाही हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

त्यापुढचं त्यांनी कौतुकाने सांगितलं. म्हणाले, तुझ्या गोळ्या फार गुणाच्या आहेत, बाहेर बसलेली असली म्हणजे ती सकाळी एक गोळी घेते, मग भाकरीचं नाव काढत नाही. आतून कोणी वाढून सरकवायचं, कोणाला हाक मारायची, हा त्रासच मिटला. दूध-दही तर त्या दिवसांत तिला देतच नाहीत, म्हैस आटते म्हणून. अक्का, मी तुला भाकरीवर खायला गोळ्या दिल्या आणि तू त्या भाकरीऐवजी खाल्ल्यास.

या गोळ्यांचं खरं तुला आता सांगतो, कारण दुकानात आम्ही ते कोणाला सांगत नाही. त्या घेतल्या की लघवी पिवळीधमक होते. गिऱ्हाइकाला वाटतं, अंगातली उष्णता बाहेर पडतेय. धुळ्याकडची एक म्हातारी आली की काउंटरवर हात आपटून म्हणते, दे रे भो, ती ताकदनी गोयी दे! आमचे बन्सीलाल शेठ मिशीत हसतात आणि बाटली पुढे सरकवतात. मलाही वाटायचं, कोणाचं काय बिघडतं. गोळी वाईट नाही. पण तिच्यात भाकरी नाही, दूध नाही, आणि गेलेलं रक्त भरून काढायची शक्तीही नाही.

काल मी धीर करून इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष मीच. एकीने विचारलं, भाऊ, तुम्हाला कितवा महिना? सगळ्या हसल्या. आत गेल्यावर मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एवढंच विचारलं, की चव्वेचाळीसच्या बाईला जीवनसत्त्वाच्या गोळ्या लागतातच का? बाई म्हणाल्या, या वयात पाळी जाण्याआधी अशी मागेपुढे होते, वाफा येतात, झोप उडते. हा काही रोग नव्हे. रोजच्या जेवणात डाळ, पालेभाजी, दूध, तीळ, शेंगदाणे असतील तर गोळ्यांवाचून अडत नाही. जेवणच नसेल तर गोळी काय करणार? पण फार दिवस अंगावर जात असेल तर ते वयावर ढकलायचं नाही, तपासायला हवं. रक्त कमी झालं असेल तर लोह देईन, तेही बघून. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, दुखणं बहिणीचं, आणि दवाखान्यात भाऊ. बहीण कुठाय?

मला आपल्या आईची आठवण झाली. तिचंही असंच झालं होतं ना? मधल्या ताईच्या लग्नात आई मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाआड बसून होती, आणि नानांच्या शेजारी मावशीने बसून सगळे विधी केले. तूच मला हे सांगितलंस. तू तिला ताट द्यायला गेलीस तेव्हा तिने फक्त विचारलं होतं, पोरगी रडली का व? त्यानंतर दोन वर्षांत ती वाळून गेली. सगळे म्हणाले, उष्णता झाली. आपण कोणी तिला दवाखाना दाखवला नाही, कारण असल्या गोष्टीसाठी दवाखाना असतो हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. आता मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी बाटली पाठवत नाही. सोमवारच्या मोटारीने मी स्वतः येतो आणि तुला डॉक्टरीणबाईंकडे आणतो. दाजी लग्नाच्या खरेदीसाठी आज सकाळी पुन्हा इथे आले होते, त्यांच्याशी बोललो आहे. ते आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, लग्नाचं लुगडं घ्यायला जळगावला नेतोय असं घरात सांग.

पण एवढ्यासाठीच लिहायचं असतं तर सोमवारी तोंडानेच सांगितलं असतं. जे तोंडाने सांगता येणार नाही ते आता लिहितो. दाजी म्हणाले, आत्याबाईंनी ठरवून टाकलंय की तुझी वेळ आली तर कन्यादानात पाण्याची धार तुझी जाऊ कमलबाई सोडेल. ते थांबवून ठेवणारी गोळी माझ्याजवळ नाही, अक्का, आणि लग्नाच्या दिवशी काय होईल हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत. म्हणून माझं एक ऐक. त्या दिवशी काहीही झालं तरी कोणाला सांगू नकोस. मलाही नाही. नवं लुगडं नेस आणि दाजींच्या शेजारी येऊन बस. मला भीती वाटत नाही असं नाही. देवाब्राह्मणांसमोर हे लपवलं आणि उद्या बेबीच्या संसारात काही कमीजास्त झालं तर, या विचाराने मला काल झोप लागली नाही. पण मी बेबीचा मामा. मांडवात तिच्या पाठीशी मीच उभा राहणार आहे. काही पाप असेल तर त्यात माझा अर्धा वाटा धर. धार मात्र तूच सोड.

तुझाच,
सुपडू