पंधरावा खांदा

प्रिय मारित,

परवा गावात पक्षाचा उमेदवार निवडायची, दर चार वर्षांनी येणारी सभा झाली. आयोवातली जानेवारीची थंडी तुला काय सांगायची. तरी शाळेच्या व्यायामशाळेत बरोबर शंभर माणसं आली. डोकी मोजायला नेहमीसारखा मीच. शेजारचा वेंडेल दारातच म्हणाला, "हॅल्वर, तुझ्या बोटाशिवाय या गावात पान हलत नाही बुवा!" चार वर्षं झाली, तू या दिवसांत घरी फिरकत नाहीस. गेल्या वेळच्या सभेच्या संध्याकाळी आईचा फोन तू उचलला नाहीस आणि ती गेली, हे तू मनाला लावून घेतलंयस. मी यावर आजवर अवाक्षर काढलं नाही.

सभेची रीत तीच. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन त्यानं उभं राहायचं. शंभरात पंधरा डोकी भरली नाहीत तर तो कोपरा बाद, पुढच्या अधिवेशनाला पाठवायला त्याला एकही प्रतिनिधी नाही. तिथल्या माणसांनी दुसरा कोपरा धरायचा. हीटरजवळचा कोपरा तुझ्या आईचा. पडणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायची तिला भारी हौस. यंदाही तिथे मूठभरच माणसं होती. मी एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजलं आणि पंधरा म्हणून जाहीर केलं. पलीकडच्या कोपऱ्यातून वेंडेल ओरडला, "चष्मा पूस, म्हाताऱ्या! चौदा आहेत. आमचा प्रतिनिधी पळवतोस होय?" सगळे हसले.

पंधरावा खांदा माझ्या हाताला लागला होता गं, लोकरी स्वेटरचा, खराखुरा. पुन्हा मोजायला गेलो तर तुझी आई तिथेच, हीटरला टेकून, छातीवर हात धरून माझ्याकडे बघत उभी. ती रागावलेली नव्हती, तेच मला सोसवेना. पंधरा म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच: "लुएला, जा गं तू आता घरी." वेंडेलनं जवळ येऊन माझ्या हातातला कागद काढून घेतला, म्हणाला, "बस जरा. चौदाच आहेत रे." कोपरा मोडला. माणसं खाली मान घालून इकडेतिकडे पांगली.

बाळा, चार वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यात खरोखरच पंधरा जण होते आणि पंधरावी तुझी आई होती. मोजणीआधी ती मला म्हणाली होती, "हॅल, छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोस?" मी म्हणालो, "दहा मिनिटं थांब. तू गेलीस तर तुझाच कोपरा बाद होईल." ती थांबली. फेरमोजणी झाली, दहाची चाळीस मिनिटं झाली. घरी आल्यावर अचानक दुखायला लागलं, असं मी तुला सांगितलं, ते खोटं होतं. तिनं फोन केला तो दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतून, आणि मदतीसाठी नव्हे. आपला कोपरा टिकला, हे तिला तुला सांगायचं होतं. तू उचलला असतास तरी ती वाचली नसती. हे ठाऊक असूनही चार वर्षं मी तुला दोष वाहू दिला, कारण खरं सांगायची माझी छाती नव्हती. ते ओझं तुझं नव्हतंच कधी, पोरी. माझं आहे, मला परत दे.

तुझाच,
बाबा